गरम झाल्यावर सुरू न होणारी जुनी गाडी : बिघाड शोधायचा तो गाडी गरम असतानाच

मे महिन्यातली दुपार. आर्णीच्या रस्त्यावर एका कडुनिंबाखाली तुम्ही पाणी प्यायला गाडी थांबवता. तोवर गाडी चांगली पळत होती, कुठे आवाज नाही, धूर नाही. दहा मिनिटांनी किक मारता, तर गाडी ढिम्म. वीस किक होतात, शर्ट घामाने पाठीला चिकटतो. चोक ओढून पाहता, धक्का मारून पाहता. शेवटी थकून सावलीत बसता आणि अर्ध्या-पाऊण तासाने तीच गाडी एका किकमध्ये सुरू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिककडे नेली की तो पहिल्याच किकला सुरू करतो आणि म्हणतो, "चालू तं हाये न भाऊ, बिघाड कुठं हाये?"

माझ्या शंभर सीसीच्या गाडीने मला असे दोन उन्हाळे रडवले. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला, नवा सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी) बसवला. शेवटी दोष निघाला टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरच्या बारीक फटीचा. अर्ध्या तासाचं काम होतं आणि एकही पार्ट लागला नाही. तेव्हा कळलं की हा बिघाड इंजिन गरम असतानाची पंधरा-वीस मिनिटंच हाती लागतो. इंजिन निवलं की त्याच्या खुणाही निवतात. म्हणून खाली सांगितलेल्या पहिल्या चार तपासण्या जिथे गाडी अडली तिथेच, लगेच करायच्या आहेत. दुरुस्ती मग घरी सावकाश करता येते.

उष्णतेने नेमकं काय होतं

गाडी चालत असते तेव्हा वाऱ्याने इंजिनच्या पात्या थंड राहतात. गाडी थांबली की वारा थांबतो, पण हेडमधली, म्हणजे इंजिनच्या डोक्यातली, उष्णता तशीच असते. ती हळूहळू कार्बोरेटरकडे, वर टाकीकडे आणि प्लगला करंट देणाऱ्या कॉइलकडे पसरते. त्यामुळे थांबल्यानंतरच्या पाच ते वीस मिनिटांत हे भाग गाडी चालताना असतात त्याहून जास्त तापतात. पाण्यासाठी दोन मिनिटं थांबलात तर गाडी सुरू होते आणि दहा मिनिटं थांबलात तर होत नाही, ते यामुळेच.

पेट्रोलमधला सगळ्यात हलका अंश ३५ ते ४० अंशांच्या आसपास उकळायला लागतो. आपल्याकडे चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागांत मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या वर जाते. इंजिनला चिकटून असलेल्या कार्बोरेटरची काय गत होत असेल ते यावरून समजून घ्या.

पण सगळा दोष पेट्रोलवर टाकू नका. उष्णतेने गाडी अडण्याची कारणं तीन ठिकाणी असतात. करंट (प्लगची ठिणगी) तुटतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं किंवा पेट्रोलचं प्रमाण बिघडतं, कमी किंवा जास्त. आपल्याला आधी एवढंच ठरवायचं आहे की या तिघांपैकी कोण. ते न ठरवता पार्ट बदलत गेलं की पैसा जातो आणि गाडी तशीच राहते.

साइड कव्हरमध्ये काय ठेवायचं

प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, एक नवा प्लग आणि एक जुना प्लग. जुन्या प्लगची वाकलेली पट्टी पक्कडने उचलून मधल्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर दूर करून ठेवा. हा प्लग गाडीत बसवायचा नाही, फक्त करंट तपासायला वापरायचा. सोबत एक छोटी पारदर्शक बाटली, हातभर पेट्रोल पाइप आणि सुती फडकं. एवढं सामान एका पिशवीत मावतं.

गाडी अडली त्या जागी

आधी किक मारणं थांबवा. चोक तर मुळीच ओढू नका. गरम इंजिनला चोक लागत नाही, उलट जास्तीचं पेट्रोल आत जाऊन प्लग ओला होतो आणि मूळ दोष झाकला जातो. चावी आणि हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण पाहून घ्या. घाईत हात लागून ते बंद झालेलं मी दोनदा पाहिलं आहे.

*पहिली तपासणी, टाकीचं झाकण.* झाकण हळूच उघडा. आत हवा ओढल्यासारखा फुस्स आवाज आला आणि मिनिटभराने गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं आहे. पेट्रोल खाली उतरायला वरून तेवढीच हवा आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोलची धार तुटते. आपल्याकडे धुळीने हे छिद्र बुजतंच, शिवाय टाकीला रेक्झिनचं कव्हर घालून त्याचा फ्लॅप झाकणावर घट्ट दाबायची सवय असते. तेही कारण होऊ शकतं. झाकण केरोसीनमध्ये बुडवून, फुंकून छिद्र मोकळं करा. आत तार घालून ते मोठं मात्र करू नका, नाहीतर पहिल्याच पावसात टाकीत पाणी जाईल.

आवाज आला नाही, तर झाकण लावा आणि पुढे चला.

*दुसरी तपासणी, करंट.* इथे गाडीतला प्लग काढायचा नाही. एक तर तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढून काढताना आटे जातात. दुसरं म्हणजे उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी पडली तर भडका उडतो. म्हणून पेट्रोल कॉक बंद करा, प्लग कॅप काढा, तिच्यात तो पट्टी उचललेला जुना प्लग खोचा आणि त्याचा धातूचा भाग हेडच्या पातीला घट्ट टेकवा. हाताने धरायचा असेल तर फक्त रबरी कॅपला धरा. टेकवायला विसरू नका. अर्थ न मिळता करंट सोडत राहिलं तर सीडीआय किंवा कॉइल खराब होऊ शकते.

चावी चालू करून किक मारा. भर उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून अंगाने किंवा टोपीने सावली करा आणि कान द्या. चार-पाच मिलिमीटरची फट ओलांडून निळसर-पांढरी ठिणगी टक् टक् आवाजाने पडली तर करंट चांगला आहे. पिवळी, लाल, केसासारखी बारीक ठिणगी किंवा कधी आहे कधी नाही, असं असेल तर दोष करंटमध्ये आहे. फट मोठी ठेवायचं कारण असं की उघड्या हवेत कमजोर ठिणगीही पडते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच विझते. साध्या प्लगने तपासणारे इथेच फसतात.

*तिसरी तपासणी, कॉम्प्रेशन.* चावी बंद. किकवर पाय नाही, तळहात ठेवा आणि हळू दाबा. एका ठिकाणी किक अडली पाहिजे. जोर देत राहिलात तर ती हळूहळू, दमाने खाली बसली पाहिजे. गरम गाडीत ती लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली, तर कॉम्प्रेशन गळतं आहे. यासाठी थंड गाडीची किक कशी लागते ते हाताला माहीत हवं. आजच सकाळी वावरात जाण्याआधी दोन-चार वेळा दाबून पाहून ठेवा.

*चौथी तपासणी, पेट्रोल.* कॉक पुन्हा चालू करा. कार्बोरेटरच्या वाटीखालच्या नळीचं तोंड बाटलीत सोडा आणि बाजूचा ड्रेन स्क्रू सैल करा. नळी नसेल तर आपल्या जवळचा पाइप लावा. पेट्रोल एकसारखं, मिनिटभर न तुटता आलं पाहिजे. थोडं येऊन थेंब थेंब झालं तर वरून पुरवठा कमी आहे. स्क्रू न उघडताच खालच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल, तर उलट गोष्ट आहे, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आहे. हे करताना सायलेन्सर तापलेला आहे हे लक्षात असू द्या. विडी पिणाऱ्याला दूर उभं करा आणि संकोच करू नका.

या चार तपासण्यांना सवय झाली की सात-आठ मिनिटं लागतात. काय सापडलं ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

कॉम्प्रेशन जात असेल तर : टॅपेट

मी याच्यापासून सुरुवात करतो, कारण जुन्या चार-स्ट्रोक गाडीत हे कारण सर्रास असतं आणि सगळ्यात शेवटी तपासलं जातं.

गाडी वर्षानुवर्षं चालली की व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू आत बसत जातो आणि रॉकर (व्हॉल्व्हला दाबून उघडणारा दांडा) व व्हॉल्व्ह यांच्यातली फट कमी होते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, विशेषतः एक्झॉस्टची. थंडीत जेमतेम उरलेली फट तापल्यावर संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. चालत्या गाडीत वेग असतो, म्हणून ती कशीबशी ओढते. किकच्या मंद फिरण्यात मात्र सगळा दाब त्या फटीतून निघून जातो. निवली की दांडी आखडते, व्हॉल्व्ह बसतो, गाडी सुरू.

आपल्याकडे टॅपेटचा आवाज आला की लोक लगेच टाइट करून मागतात. "आवाज बंद करून दे" हे वाक्य प्रत्येक गॅरेजवर ऐकू येतं. गाडी शांत होते आणि मालक खूश होतो, पण उन्हाळ्यात तीच गाडी रस्त्यात बसते. थोडी टिकटिक करणारं टॅपेट चालतं, अगदी मुकं टॅपेट धोक्याचं.

फट पाहायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभ्या गाडीची, पहाटे. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. डाव्या बाजूच्या मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या चाकाच्या) कव्हरवरची दोन गोल झाकणं उघडा, मधला नट पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि वरच्या खिडकीत 'टी' ही खूण कव्हरवरच्या खाचेसमोर आणा. जवळच 'एफ' खूणही दिसेल, ती करंटच्या वेळेची आहे, तिच्यावर थांबू नका. आता हेडवरची दोन्ही टॅपेट झाकणं काढून रॉकर बोटाने हलवा. दोन्ही किंचित हलले तर बरोबर जागा आहे. एखादा ताठ असेल तर आणखी एक पूर्ण फेरा देऊन पाहा. दुसऱ्या वेळीही ताठच राहिला तर त्याची फट संपलेली आहे, म्हणजे चोर सापडला.

हिरो होंडाच्या जुन्या शंभर सीसी गाड्यांना, सीडी हंड्रेड आणि सुरुवातीच्या स्प्लेंडरला, थंड इंजिनवर दोन्ही व्हॉल्व्हना ०.०५ मिमी फट असते. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतला आकडा घ्या. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या मापाची) पाती फटीत घातली की ती किंचित रेटून सरकली पाहिजे. लॉक नट सैल करा, मधला स्क्रू फिरवून फट जुळवा, स्क्रू धरून ठेवून नट आवळा आणि पुन्हा एकदा पाती घालून पाहा, कारण नट आवळताना फट हलतेच. गेज नसताना अंदाजाने करू नका. ०.०५ मिमी हाताला कळत नाही.

फट बरोबर असूनही गरमपणी किक हलकी लागत असेल, तर व्हॉल्व्हची सीट जळलेली आहे किंवा रिंग-बोर झिजले आहेत. निळा धूर आणि ऑइल कमी होत जाणं ही रिंगची खूण. प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल टाकून कॉम्प्रेशन वाढतं का पाहायची रीत आहे. पण ज्या गाड्यांचा सिलिंडर आडवा असतो त्यांत ऑइल एका बाजूला साचतं आणि ही तपासणी फसवते. तिथे हेड उघडूनच पाहावं लागतं आणि ते काम जाणत्या हातात द्यावं.

करंट जात असेल तर

आधी सगळ्यात स्वस्त शंका. प्लग कॅप फिरवून वायरमधून काढा, वायरचं टोक काळं-हिरवं पडलं असेल तर बोटाचं एक पेर कापून कॅप पुन्हा आवळून बसवा. मग चावी आणि लाल बटणाकडे जाणारी वायर. बॅटरीवर न चालणाऱ्या जुन्या सीडीआय गाड्यांत चावी बंद करणं म्हणजे ही वायर बॉडीला टेकवणं असतं. होंडा बनावटीत ती बहुधा काळी-पांढरी असते. हँडलच्या गळ्याशी घासून तिचं आवरण गेलं असेल तर ती फ्रेमला टेकते आणि करंट मरतो. सीडीआयजवळ ही वायर सॉकेटमधून काढून किक मारा. ठिणगी आली तर दोष चावी, बटण किंवा त्या वायरमध्ये आहे. अशा स्थितीत गाडी चावीने बंद होणार नाही. गिअर टाकून ब्रेक लावून बंद करावी लागेल, हे लक्षात ठेवूनच तपासा.

यानंतर ओल्या फडक्याची युक्ती. टाकीखालच्या एचटी कॉइलवर (प्लगची जाड वायर जिच्यातून निघते तिच्यावर) पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं चार-पाच मिनिटं ठेवा, बाकी कशालाही हात लावू नका, आणि ठिणगी पाहा. ती परत आली तर कॉइल बदला. नाही आली तर फडकं सीडीआयच्या डबीवर ठेवा, सॉकेटमध्ये पाणी न जाऊ देता. एका वेळी एकच भाग निववायचा, नाहीतर कळणार काहीच नाही. आणि इंजिनवर मात्र पाणी ओतू नका. तापलेल्या धातूवर एकदम थंड पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.

दोन्हीने फरक पडला नाही तर संशय मॅग्नेटमधल्या कॉइलवर येतो, एक सीडीआयला वीज पुरवणारी आणि दुसरी ठिणगीची वेळ सांगणारी पल्सर कॉइल. यांच्यात तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली असते. डाग दिलेला जोड सैल पडला की तापल्यावर तो उघडतो आणि निवल्यावर परत जुळतो. साधा मल्टिमीटर घ्या. सकाळी थंड गाडीवर या कॉइलच्या वायरी सॉकेटमधून काढून ओहम मोजा आणि लिहून ठेवा. दुपारी गाडी अडली की त्याच जागी पुन्हा मोजा. तापल्यावर आकडा थोडा वाढतो, ते साहजिक आहे. पण तो पार नाहीसा झाला, म्हणजे मीटर वायरी जोडल्याच नाहीत असं दाखवू लागलं, तर ती कॉइल गेली. हा पुरावा घेऊन गेलात की कुणी तुम्हाला उगाच सीडीआय विकणार नाही.

राजदूत किंवा जुनी पॉइंटवाली (सीडीआयऐवजी उघडमीट करून करंट तोडणाऱ्या टोकांची) बुलेट असेल तर संशय आधी कंडेन्सरवर घ्या. तापला की दगा देणं ही त्याची जुनी खोड आहे. पॉइंट उघडताना त्यांच्यातच मोठी पिवळी ठिणगी दिसत असेल आणि त्यांची तोंडं जळून खड्डे पडले असतील, तर कंडेन्सर बदला आणि पॉइंटची फट जुळवून घ्या.

पेट्रोलचा घोळ

जास्त पेट्रोल आणि कमी पेट्रोल, दोन्हींत गाडी सारखीच अडते, इलाज मात्र उलटे.

जास्त झालं असेल तर पेट्रोलचा वास येतो, प्लग ओला निघतो. ओव्हरफ्लोचं कारण बहुतेक वेळा फ्लोटची निडल, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई, असते. तिच्या टोकाला गोल खाच पडली की ती नीट बसत नाही आणि उभ्या गाडीत पेट्रोल झिरपत राहतं. चोकची पट्टी परत जागेवर येते का तेही पाहा. अशी गाडी रस्त्यात सुरू करायची तर कॉक बंद, चावी बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून आठ-दहा किक मारा म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर पडेल. मग चावी चालू करून, ॲक्सिलरेटर अर्धा ठेवून किक मारा. सुरू झाल्यावर कॉक उघडा.

कमी येत असेल तर कॉकमधली जाळी काढून धुवा. जुन्या टाकीचा आतला गंज तिथेच साचतो. पाइप पारदर्शक असेल आणि त्यात बुडबुडे दिसत असतील तर पेट्रोल उकळतं आहे. ओलं फडकं वाटीवर आणि पाइपवर ठेवलं की पाच मिनिटांत गाडी सुरू होते. कायमचा इलाज म्हणजे पाइप हेडला टेकत असेल तर त्याचा मार्ग बदलणं आणि कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधला काळा जाड इन्सुलेटर जागेवर आहे का पाहणं. कार्बोरेटर खोलताना तो तुटला की काही जण नुसतं पॅकिंग लावून देतात. मग हेडची सगळी धग सरळ कार्बोरेटरला लागते.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे पाइप, कॉकचं रबर आणि निडलचं टोक त्यासाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं. वीस वर्षांच्या गाडीत हे तीन रबरी भाग एकदा नवे टाकून घ्या, महाग नाहीत.

ज्याने गाडी मुळात जास्त तापते

पावसाळ्यात पांदणीतून जाताना काळी माती इंजिनच्या पात्यांमध्ये शिरते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. मग पात्या असून नसल्यासारख्या. गाडी धुणारे टाकी आणि मडगार्ड चकाचक करतात, पात्या तशाच राहतात. थंड इंजिनवर लाकडी काडीने ती माती कोरून काढा. खताची दोन पोती आणि मागे माणूस घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरवर धुऱ्याकाठाने लांब जायचं असेल, तर पोहोचल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा आणि तोंड वाऱ्याकडे करून सावलीत लावा. ऑइल दांडीवरच्या दोन खुणांमध्ये असू द्या. कापूस वेचणीच्या दिवसांत एअर फिल्टर धुळीने आणि तंतूंनी भरतो, तो महिन्यातून एकदा उघडा.

मेकॅनिककडे जाताना

सकाळी जाऊ नका. दुपारी दहा-बारा किलोमीटर फिरवून, गाडी तापवून न्या. दुकानासमोर दहा मिनिटं उभी ठेवा, त्याच्यासमोर किक मारा आणि अडली की मोबाइलमधली नोंद वाचून दाखवा : झाकणाला आवाज नव्हता, करंट निळा होता, किक हलकी लागत होती, पेट्रोल चांगलं येत होतं. माझ्या गाडीची नोंद अगदी अशीच होती. ती ऐकल्यावर त्याने प्लग पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "गाडी रातभर इथंच राहू द्या, टॅपेट सकाळी थंड्यातच पाहा लागते."